म्बाह पाइराची बुरशी

जावा बेटावरच्या आमच्या सुम्बेरवारू गावच्या वाचनालयात निसर्ग-कक्ष उघडून दोन वर्षं झाली, तेव्हा त्याच्या नोंदवहीत एकूण चार नावं होती. त्यातली तीन खुद्द ग्रंथपाल पाक मार्सूदी यांचीच, वेगवेगळ्या शाईत. चौथं नाव एका बस कंडक्टरचं. तो मुतारी कुठे आहे ते विचारायला आत आला होता आणि पाक मार्सूदींनी त्याला सही केल्याशिवाय सोडलं नव्हतं.

कक्ष तसा चांगला होता. एक सूक्ष्मदर्शक होता, प्लास्टिकच्या टोपीखाली. काचेच्या पेट्यांत टाचलेली फुलपाखरं होती, जाड कागदावर चिकटवलेली वाळकी पानं होती, पक्ष्यांचे आवाज भरलेल्या तबकड्या होत्या. शिवाय एक संगणक होता. त्यातून जगभरच्या शास्त्रज्ञांनी लिहिलेला कुठलाही लेख काढून वाचता येई. सगळ्या वस्तू एका सागवानी कपाटात होत्या आणि त्या कपाटात रात्रंदिवस एक दिवा जळत असे. आमच्याकडची हवा अशी दमट, की भिंगालासुद्धा बुरशी धरते. ती धरू नये म्हणून तो दिवा. बुरशी हा त्या कक्षाचा पहिल्या नंबरचा शत्रू होता. तसं दारावर लिहिलेलंच होतं.

एके दिवशी प्रांताच्या कचेरीतून पत्र आलं. बू विनार्नी नावाच्या तपासनीस बाई दोन आठवड्यांनी, सोमवारी सकाळी येणार होत्या. जी उपकरणं वापरात नसतील, ती शहरातल्या वाचनालयाकडे जातील, असं पत्रात होतं. पाक मार्सूदींनी पत्र तीनदा वाचलं, नोंदवही उघडली, चार नावं पाहिली आणि वही मिटली.

त्याच दुपारी म्बाह पाइरा आल्या.

गावात सगळेच त्यांना म्बाह, म्हणजे आजी, म्हणत, जसं आमच्याकडे मानाच्या पुरुषाला पाक म्हणतात आणि बाईला बू. टेंपे करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. सोयाबीन उकडायचं, पायांनी तुडवून सालं काढायची, थंड झाल्यावर त्याला बुरशी लावायची आणि केळीच्या पानात बांधून दोन रात्री झोपवायचं. ‘झोपवायचं’ हा शब्द त्यांचाच. बुरशीने दाण्याला दाणा धरला आणि पांढरीशुभ्र वडी झाली, की टेंपे झोपलं. बाजारातल्या बाकी सगळ्या बायका आता बुरशीची कारखान्यातली पूड पुडीतून आणत. म्बाह मात्र वारू नावाच्या झाडाच्या पानाच्या मागच्या लवीत धरलेली बुरशी वापरत. दर वेळच्या टेंप्यातून थोडी पुन्हा नव्या पानांवर घ्यायची, ती पुढच्या वेळेला. अशी पानावरून पानावर ती त्यांच्या आजीपासून चालत आली होती. तिने दोन लढाया पाहिल्या होत्या आणि ज्वालामुखीची राख खाल्ली होती.

आणि आता ती मरत होती. महिनाभर टेंपे झोपत नव्हतं. दाण्यांना घाम फुटायचा, बुळबुळीतपणा यायचा, बुरशी कुठे धरायची, कुठे नाही. नवी पानं तयारच होत नव्हती. जुन्यांपैकी तीन उरली होती.

हे सगळं म्बाहनी उंबऱ्यावर उभं राहून, खालच्या आवाजात सांगितलं. मग विचारलं, “पाक, इथे कागदांत सगळं सापडतं म्हणतात. खरं का?”

पाक मार्सूदींनी आधी त्यांचा अंगठा नोंदवहीत घेतला आणि मग हो म्हटलं.

तीन पानांपैकी एकाचा नखाएवढा तुकडा त्यांनी काचेवर ठेवला. सूक्ष्मदर्शकाची टोपी काढली. ती दोन वर्षांत फक्त धूळ पुसायला निघाली होती. भिंग खालीवर केलं आणि म्हातारीला स्टुलावर बसवलं.

म्बाहनी डोळा लावला. बराच वेळ त्या हलल्या नाहीत. बसल्या बसल्या त्यांना डुलकी लागली की काय, असं पाक मार्सूदींना वाटायला लागलं.

“पाक,” त्या अगदी हळू म्हणाल्या, “इथे तर जंगल आहे.”

होतंच. काचेसारखे आरपार दिसणारे धागे एकमेकांत शिरले होते, मध्येच काही सरळ वर उठले होते आणि प्रत्येकाच्या टोकाला एक गोल काळा मणी. वाऱ्याशिवाय उभं असलेलं, पानांऐवजी डोकी असलेलं रान. म्बाहनी विचारलं, असे किती असतील. पाक मार्सूदी म्हणाले, नखाएवढ्या तुकड्यात सगळ्या जावामध्ये माणसं नसतील इतके. म्हातारीने काचेजवळ ठेवलेला हात चटकन मागे घेतला. मोठी माणसं बसली असताना त्यांच्या पुढून जावं लागलं तर आपण वाकून जशी परवानगी मागतो, तशी तिने त्या पानापुढे वाकून मागितली. पन्नास वर्षं आपण यांना न विचारता चोळत आलो, असं काहीसं ती पुटपुटली.

मग पाक मार्सूदींनी संगणकाला विचारलं. या बुरशीवर एक हजार चारशे बारा लेख निघाले.

म्बाहना आकडा दोनदा सांगावा लागला. आपल्या पानामागच्या बुरशीवर एवढ्या लोकांनी लिहिलंय, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात मावेना. त्यातल्या एकाने तर, जिथे सहा महिने बर्फ पडतं अशा देशात बसून अकरा वर्षं हिचा अभ्यास केला होता.

“तो टेंपे खातो का?” म्बाहनी विचारलं.

“ते लिहिलेलं नाही, म्बाह.”

“मग बिचाऱ्याने अकरा वर्षं काढली कशी?”

दुसऱ्या दिवसापासून म्बाह रोज यायला लागल्या. आधी भिंगातून रान बघायचं, मग स्टुलावर बसून लेख ऐकायचे. पाक मार्सूदी एकेक लेख काढत आणि आपल्या भाषेत सांगत. एका लेखात पाण्याच्या आंबटपणाबद्दल होतं, एकात दाण्याच्या जातीबद्दल, एकात पान कसं टोचावं याबद्दल. म्बाह मान डोलवत सगळं ऐकून घेत आणि शेवटी म्हणत, “छान लिहिलंय. पण हा नव्हे.”

पाक मार्सूदींना आधी नवल वाटलं, मग आदर वाटायला लागला. एवढी चोखंदळ वाचक त्यांना उभ्या नोकरीत भेटली नव्हती. त्यांनीही मग हट्ट धरला. पाणी बदललं का, दाणे कुणाकडून घेता, पानं कुठल्या झाडाची, सगळं खोदून खोदून विचारलं. घरात काही बदल झालाय का, असंही विचारलं.

“घरी सगळं उत्तम आहे,” म्बाह म्हणाल्या आणि पदराशी चाळा करत बसल्या. “अजून एखादा कागद बघा ना. थंडीबिंडीचा असला तर.”

त्यांनी थंडीचेही बघितले. पण ते बर्फाच्या देशांतल्या थंडीचे होते. सव्वीस लेख झाले. सव्विसावाही तो नव्हता. नोंदवहीत मात्र अंगठ्यांची रांग लागली होती आणि पाक मार्सूदी मनातून खूश होते.

तपासणीच्या आधीच्या शनिवारी दुपारी ते संगणकापुढे बसून कक्षाचा अहवाल लिहीत होते. वाचनालय बंद व्हायला अर्धा तास होता. म्बाह एक मोठी टोपली घेऊन आल्या. तिसरं पान मधल्या खेपेत वाया गेलं होतं; शेवटची दोन त्यांनी आज वापरली होती. टोपलीत केळीच्या पानात बांधलेल्या चाळीस पुड्या होत्या, आणि त्यांतल्या दोन पुड्यांच्या आत नवी वारूची पानं घातलेली होती. या झोपल्या तर पुढे, नाही तर इथेच संपलं.

त्यांनी विचारलं, “पाक, तुमच्या कपाटात किती छान ऊब आहे. ही पोरं दोन रात्री तिथे झोपली तर चालेल का?”

“हो म्बाह,” पाक मार्सूदी म्हणाले.

आमच्याकडे वडीलधारं माणूस बोलत असताना प्रत्येक वाक्याला हो म्हणावं लागतं. त्याचा अर्थ एवढाच, की कान उघडे आहेत. नाही म्हणायची तर पद्धतच नाही. म्बाहनी विचारलं, ती भिंगाची पेटी थोडी सरकवू का. हो म्बाह. फुलपाखरांवर ठेवलं तर त्यांना भार होणार नाही ना. हो म्बाह. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधलेली दिसते, मीही बांधते, म्हणजे घोटाळा नको. हो म्बाह. पाक मार्सूदींचा अहवाल तेव्हा ‘कक्षातील वस्तूंची काटेकोर निगा’ या मुद्द्यावर आला होता. म्बाहनी कपाटाला कुलूप लावलं, किल्ली खिळ्याला अडकवली आणि वाकून निरोप घेतला.

सोमवारी आठ वाजता बू विनार्नी आल्या. बाई शिस्तीच्या होत्या. चहा नको म्हणाल्या, खुर्ची नको म्हणाल्या, नोंदवही पाहून भुवया थोड्या वर केल्या आणि कपाट उघडायला सांगितलं.

किल्ली फिरली, पण दार हलेना. पाक मार्सूदींनी ओढलं. दार दमटपणाने फुगून बसलं होतं. त्यांनी पाय भिंतीला लावून ओढलं, तेव्हा मूठ हातात आली. शेवटी बाईंचा ड्रायव्हर गाडीतला पाना घेऊन आला आणि त्याने फटीत घालून दार उचकटलं.

आतून वाफ आली. साधीसुधी नव्हे, बू विनार्नींच्या चष्म्यावर धुकं धरलं. तिच्यामागून उकडलेल्या दाण्यांचा, ओल्या मातीचा आणि ताज्या अळिंब्यांचा वास आला. बाईंनी चष्मा पुसून पुन्हा लावला. फुलपाखरांच्या पेट्यांवर, वाळक्या पानांच्या गठ्ठ्यांवर, पक्ष्यांच्या तबकड्यांवर, सूक्ष्मदर्शकाच्या दोन्ही कुशींत हिरव्या पुड्या बसल्या होत्या. टोचलेल्या भोकांतून पांढरी लव डोकावत होती. प्रत्येक पुडीला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली होती आणि प्रत्येक चिठ्ठीवर एक अंगठा होता.

बू विनार्नींनी मोजायला सुरुवात केली. दोनदा मोजलं.

“पाक मार्सूदी, नोंद बासष्ट वस्तूंची आहे.”

“हो बू.”

“इथे एकशे दोन आहेत.”

शनिवारी दुपारी आपण चारदा हो म्हटलं, एवढंच पाक मार्सूदींना हळूहळू आठवायला लागलं होतं.

“वस्तू कमी भरल्या तर त्याचा तक्ता माझ्याकडे आहे,” बाई म्हणाल्या. “जास्त भरल्या तर काय करायचं, हे मला अकरा वर्षांत कुणी सांगितलेलं नाही.”

त्यांनी फुगलेलं दार पाहिलं, लवंगेच्या झाडाचं कागदापासून सुटून गुंडाळलेलं पान पाहिलं, आणि दारावरची पाटी पाहिली: बुरशीपासून सावध. मग त्यांनी हुकूम दिला. हे सगळं बाहेर फेका. कपाट स्पिरिटने पुसा. सूक्ष्मदर्शक गाडीत ठेवा.

पाक मार्सूदी “हो बू” म्हणाले आणि कचऱ्याची टोपली घेऊन आले. पहिली पुडी त्यांनी उचलली. ती कोंबडीच्या पोटासारखी उबदार होती. त्यांच्या हाताला कळलं की हे फेकवणार नाही, पण तोंडाला काही कळलं नाही. ते पुडी धरून नुसते उभे राहिले.

तेवढ्यात म्बाह आल्या. आपल्या पोरांना न्यायला आल्या होत्या. त्यांनी कचऱ्याची टोपली पाहिली, बाईंना वाकून नमस्कार केला, पाक मार्सूदींच्या हातातली पुडी अलगद काढून घेतली आणि तिथेच गाठ सोडली.

तसं टेंपे सुम्बेरवारूमध्ये कुणी दीड महिना पाहिलं नव्हतं. एकसंध, घट्ट, कापसासारखं पांढरं. दाणा दिसत नव्हता. म्बाहनी ते नाकाशी नेलं.

“झोपलंय,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी वारूची पानं घातलेल्या दोन पुड्या शोधून काढल्या. पानं उलटी केली. मागच्या लवीत करडी मखमल धरली होती. त्यांनी पान बाईंपुढे धरलं आणि अगदी अदबीने विचारलं, “बू, तुम्ही हिला आतून पाहिलंय का?”

बू विनार्नी उत्तर द्यायच्या बेतात होत्या. मग थांबल्या. अकरा वर्षांत त्यांनी दोनशेच्या वर सूक्ष्मदर्शकांची नोंद केली होती. नग, अवस्था, टोपी आहे किंवा नाही. आत डोळा एकदाही लावला नव्हता.

वडीलधाऱ्या बाईला नाही म्हणायची पद्धत नाही. त्या स्टुलावर बसल्या.

ड्रायव्हर गाडी सुरू करायला गेला होता, तो वाट बघून परत आला. पाक मार्सूदींनी टोपली खाली ठेवली. भिंतीवरच्या घड्याळात पाच मिनिटं गेली. बू विनार्नींचा हात भिंगाच्या चक्रीवर होता आणि त्या ती केसाएवढी पुढे, केसाएवढी मागे करत होत्या. प्रत्येक वेळी रानाचा एक नवा थर पुढे येत होता.

“हे सगळं,” त्या डोळा न काढता म्हणाल्या, “आपल्या ताटात असतं?”

“रोज,” म्बाह म्हणाल्या.

त्यानंतर सूक्ष्मदर्शक गाडीत ठेवायची गोष्ट कुणी काढली नाही. पाक मार्सूदींनी कपाटात तापमापक ठेवून पाहिला. एकतीस अंश. त्यांच्या डोक्यात सव्वीस लेख एकदम गोळा झाले. म्हणजे दाण्यांचा दोष नाही, पाण्याचा नाही, बुरशी तर धडधाकट आहे. घरातच कुठेतरी गारठा आहे. त्यांनी म्बाहना पुन्हा विचारलं आणि म्बाह पुन्हा पदराशी चाळा करत बसल्या.

बू विनार्नींनी मग आडून विचारलं. मुलंबाळं किती, कुठे असतात. म्हातारीचा चेहरा उजळला. एकच मुलगा, सुगेंग. तीन वर्षं बोर्निओच्या कोळशाच्या खाणीत राबला आणि दोन महिन्यांपूर्वी घरी आला. येताच त्याने आईचं धुराने काळं झालेलं बांबूचं स्वयंपाकघर उतरवलं आणि नवं बांधून दिलं. जमिनीला पांढऱ्या फरशा, भिंतींना पांढऱ्या फरशा, ओट्यालाही.

“फार सुंदर आहे,” म्बाह म्हणाल्या. “गार. भर दुपारी शहारा येतो.”

पाक मार्सूदींनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी पाक मार्सूदींकडे पाहिलं.

“मला पहिल्याच दिवशी कळलं होतं,” म्बाह म्हणाल्या.

“म्हणजे? मग तुम्ही इथे दोन आठवडे कशाला...”

“मी कसं सांगू त्याला? आईने सांगितलं तर ती तक्रार होते. पोराने तिकडे एक वेळ जेवून फरशा घेतल्यात.” त्यांनी संगणकाकडे बोट केलं. “मला वाटलं, एवढे चौदाशे लोक लिहितायत, कुणी ना कुणी फरशीबद्दल लिहिलं असेल. परक्याने लिहिलेलं दाखवलं, की घरातलं कुणी दुखावत नाही. तुम्ही रोज वाचत होता, पाक, आणि मी रोज वाट बघत होते.”

पाक मार्सूदी खुर्चीत बसले. बू विनार्नींनी, ज्यांनी सकाळपासून बसायला नकार दिला होता, त्यांनीही एक खुर्ची ओढली.

त्या दुपारी सुम्बेरवारूच्या वाचनालयात त्या बुरशीवरचा एक हजार चारशे तेरावा लेख लिहिला गेला. पाक मार्सूदींनी लिहिला, बाईंनी तपासला. दोघंही त्याच मातीतले असल्यामुळे तो इतका सौम्य झाला, की फरशीचा उल्लेख दुसऱ्या पानाच्या तळाला आला, तोही ‘काही घरांत आढळणारा, दिसण्यास अत्यंत देखणा असा शीतल पृष्ठभाग’ असा. पहिल्या पानावर मात्र म्बाह पाइरा यांचं नाव, त्यांच्या आजीचं नाव आणि भिंगातून दिसणाऱ्या रानाचं चित्र होतं. बाईंनी प्रांताच्या कचेरीचा शिक्का मारला. तपासणीच्या कागदावर त्यांनी लिहिलं: कक्ष वापरात आहे, बासष्ट वस्तू निर्जीव, चाळीस सजीव. त्यांतल्या दोन सजीव वस्तू अधिक अभ्यासासाठी त्या स्वतःबरोबर घेऊन गेल्या. एक वारूचं पान कपाटात राहिलं, दुसरं म्बाहनी नेलं.

सुगेंगने लेख दोन्ही बाजूंनी वाचला. तो खाणकामगार माणूस, सावकाश वाचायचा. वाचताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्बाहना वाटलं, फरशीचं कळलं. पण पाणी पहिल्या पानाला आलं होतं. आपल्या आईचं नाव, पणजीचं नाव, वर सरकारी शिक्का. दुसऱ्या पानाच्या तळाशी तो पोहोचला तेव्हा त्याला धड दिसतही नव्हतं.

त्याने लेखाला काचेची चौकट करून घेतली आणि घरातल्या सर्वांत देखण्या जागी, स्वयंपाकघराच्या पांढऱ्या फरशांच्या भिंतीवर, मधोमध लावली.

म्बाह तीन दिवस वाचनालयाच्या कपाटातल्या उबेत पुड्या नेऊन ठेवत होत्या. इकडे लोक लेख बघायला यायला लागले. सरपंच आले, शाळेचे मास्तर आले, बाजारातल्या पुडीवाल्या बायकाही आल्या. सुगेंग सगळ्यांना स्वयंपाकघरात नेई आणि रानाचं चित्र दाखवी. पाहुण्यांचे पाय सोयाबीनच्या सालांवरून घसरत.

चौथ्या दिवशी संध्याकाळी तो आईजवळ येऊन बसला. बराच वेळ हवापाण्याचं बोलला. मग मान खाली घालून म्हणाला, “माक, राग मानू नकोस. एक विचारू का?”

“विचार.”

“आता एवढे लोक येतात. आणि तिथे तुझे दाणे, पाणी, सालं... मी आपला विचार करत होतो. मागे जुन्या बांबूच्या भिंती तशाच रचून ठेवल्यात. त्यांची तुला तिथेच एक खोपी करून दिली तर? लहान होईल. काळोखीही. थोडं उकडेल तुला तिथे.” त्याने आईकडे चोरून पाहिलं. “मला दोन रात्री झोप नाही. एवढं सुंदर स्वयंपाकघर मीच दिलं आणि मीच तुला त्यातून बाहेर काढतोय.”

म्बाहनी लगेच उत्तर दिलं नाही. तसं बरं दिसलं नसतं. त्यांनी एकदा पांढऱ्या फरशांकडे पाहिलं, एकदा चौकटीकडे पाहिलं, आणि एक लांब सुस्कारा सोडला.

“तू म्हणतोस तर,” त्या म्हणाल्या, “मी कसंबसं भागवीन.”